पोटॅशची बाटली

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला वीस मिनिटं दिली होती. त्यातली पंधरा हृदय बंद कसं करतात ते सांगण्यात गेली. टेबलाच्या अलीकडे ताई, तिच्या शेजारी भाऊजी आणि टोकाला मी. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तिला सांधे सुजवणारा ताप आला होता. तो गेला, पण जाताना हृदयातली एक झडप खराब करून गेला, हे आम्हाला चाळीस वर्षांनी कळलं. खाप्याला, तिच्या सासरी, शेतातून घरी येताना तिला तीन ठिकाणी बसावं लागायला लागलं, तेव्हा. आता ती झडप बदलायची होती.

डॉक्टरबाई लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. हृदय उघडायचं तर ते थांबवावं लागतं, तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम यंत्र करतं, साधारण दीड तास, असं त्यांनी सांगितलं. थांबवण्याची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती परत सुरू होताना. कधी कधी हृदय ठोके द्यायच्या ऐवजी नुसतं थरथरत राहतं. थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढं जात नाही. मग विजेचा झटका द्यावा लागतो, आणि कधी ते झटक्यालाही ऐकत नाही.

ते ऐकावं म्हणून आधीपासून काय करता येतं, असं मी विचारलं. त्यांनी ताईच्या रक्ताचा अहवाल माझ्याकडे फिरवला आणि एका आकड्याभोवती पेनानं गोल केला. पोटॅशियम, ३.१. पायांची सूज उतरावी म्हणून ताईला लघवीची गोळी होती, आणि त्या गोळीपायी हा क्षारही अंगातून वाहून जात होता. तो चारच्या वर हवा आणि पाचच्या खाली.

"तीनवर मी यांना टेबलावर घेणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि साडेपाचवरही घेणार नाही. कमी झालं तरी हृदय बिथरतं, जास्त झालं तरी बिथरतं."

ऑपरेशन तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी ठरलं. तोवर दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पंधरा मिलिलिटर पातळ औषध अर्धा पेला पाण्यातून घ्यायचं आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं. ताईनं तेवढे दिवस आमच्याकडे, मानेवाड्याला राहावं असं मीच म्हटलं. भाऊजींची कापसाची वेचणी सुरू होती. ते दर तिसऱ्या दिवशी सावनेरवरून बसनं येत, दोन तास बसत आणि परत जात.

मी इंधनाच्या डेपोत नोकरी करतो. टाकीत मोजपट्टी सोडायची, ओल कुठवर आली ते पाहायचं आणि लिहायचं, हे काम मी सव्वीस वर्षं करतो आहे. ताईच्या औषधालाही मी तेच केलं. बाटलीला उभी कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर पंधरा-पंधराच्या रेघा मारल्या आणि एक वही घातली. रोज संध्याकाळी डेपोतून आलो की चपला काढायच्या आधी बाटलीची पातळी पाहायचो आणि लिहायचो. पातळी रोज तीस मिलिलिटरनं उतरत होती. एकही रेघ चुकली नाही. मला त्याचं समाधान वाटायचं, हे आता लिहितानाही मला खाली पाहायला लावतं.

औषध आणलं त्याच दुपारी, पहिला पेला घ्यायच्या आधी, भाऊजी जेवायला बसले असताना त्यांनी बाटली हातात घेतली आणि चष्मा वर करून तिच्यावरचं वाचलं. पोटॅशियम क्लोराइड. ते म्हणाले, हे नाव तर मी खताच्या पोत्यावर वाचतो. मी सुट्टीवर होतो, आणि मला समजावून सांगायची हौस आहे. मी म्हटलं, बरोबर ओळखलंत. तुम्ही कपाशीला टाकता ते पोटॅश आणि हे, जात एकच. हे शुद्ध केलेलं, एवढंच. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून मी पुढं सांगितलं, की ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवायला जे गार द्रावण सोडतात, त्यातही मुख्य हेच असतं. हे मी आदल्या संध्याकाळी मोबाईलवर वाचलं होतं आणि वाचल्यापासून कोणाला तरी सांगायचं होतं.

भाऊजींनी बाटली खाली ठेवली. झाकण घट्ट लावलं. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग भाऊजींनी भात मागितला आणि बोलणं वेचणीच्या मजुरीवर गेलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आठवड्यानं रक्त तपासलं. ३.०.

डॉक्टरबाईंनी कपाळाला आठी घातली. मी वही पुढं केली. त्यांनी ती पानं उलटून नीट पाहिली आणि म्हणाल्या, इतकं व्यवस्थित कोणी ठेवत नाही. औषध दोनदाचं तीनदा झालं. बाटली आता रोज पंचेचाळीसनं उतरायला लागली. दुसऱ्या आठवड्याचा आकडा आला २.९.

वाढवलेल्या औषधावर आकडा खाली जातो, याचा अर्थ काय, हे मला कळेना. डेपोत असं झालं तर आम्ही म्हणतो टाकीला गळती आहे. डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या, त्यांच्या भाषेत. मूत्रपिंडातून क्षार अपेक्षेपेक्षा फार जास्त जातो आहे. त्यांनी मला एकच विचारलं, "औषध तुमच्यासमोर घेतात ना?"

मी हो म्हटलं. मी दिवसभर डेपोत असे. पण पातळी मी मोजत होतो, म्हणून हो.

त्या होकारावर त्यांनी पुढचं ठरवलं. मंगळवारी दाखल करायचं, दाखल होताच सलाइनमधून पोटॅशियम सुरू करायचं, शिवाय पातळ औषध चार वेळा. गळती मोठी आहे, तर भरणाही मोठा हवा. मधल्या दिवसांत ताई घरात हळूहळू फिरे. एकदा देवाजवळ दिवा लावताना तिचा हात भिंतीला गेला आणि ती तशीच उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "छातीत पाखरू फडफडल्यावानी झालं. गेलं आता." मी वेळ लिहून ठेवली, सहा दहा.

मंगळवारी सकाळी आम्ही धंतोलीच्या दवाखान्यात गेलो. भाऊजी खाप्याहून थेट तिथंच आले. नऊ वाजता सलाइन लागलं. सिस्टरनं पातळ औषधाचा पेला ताईच्या हातात दिला आणि ती पिऊन होईपर्यंत हलली नाही. ताईनं तोंड असं केलं, की मला वाटलं तिनं ते पहिल्यांदाच चाखलं. वाटलं, आणि मी ते सोडून दिलं.

साडेदहाला बायकोचा फोन आला. ती मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होती.

"अहो, कढीपत्त्याच्या कुंडीमागं ताईंच्या औषधाचं माप पडलेलं सापडलं," ती म्हणाली. "आणि मातीवर पांढरं मीठ धरलंय. पानांच्या कडा सगळ्या जळल्यात. मला वाटायचं ऊन लागलं."

बाटलीतून किती गेलं ते मी अठरा दिवस मिलिलिटरपर्यंत बरोबर लिहिलं होतं. कुठं गेलं ते एकदाही पाहिलं नव्हतं.

ताईच्या खाटेजवळ गेलो आणि विचारलं. ती सलाइनच्या नळीकडे पाहत राहिली. उत्तर भाऊजींनी दिलं.

"तिच्यावर रागवू नको गा. मी सांगतलं होतं तिले, पिऊ नको म्हणून. तूच तं सांगतलं, याच्यानंच हृदय बंद करतात. मंग ज्याच्यानं बंद पडते तेच रोज घोट घोट पाजून राहिले, अन् मी पाहत बसू काय?"

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"तुले सांगून तू आइकला असता?"

ताई तेव्हा बोलली. "तू इतक्या मनानं लिहून राहिला होता. मले तुयी वही खराब नव्हती करायची. मी माप बरोबर टाकत होती, एक थेंब कमी नाही."

ती खरंच बोलत होती. माप भरायचं, कुंडीत ओतायचं, माप धुवायचं. तिनं माझ्याशी खोटेपणाही प्रामाणिकपणे केला होता.

रागवायला वेळ नव्हता, कारण मला तेव्हाच हिशेब लागला. गळती नव्हतीच. ताईचं मूत्रपिंड चांगलं होतं. अठरा दिवस तिला काही मिळालं नव्हतं म्हणून आकडा खाली गेला होता, आणि आता गळकी टाकी समजून एका धड टाकीत दोन्ही बाजूंनी भरणा चालू होता. पुढची रक्ततपासणी चार वाजता ठरलेली होती. आता पावणेअकरा वाजत होते.

मी सिस्टरकडे गेलो आणि म्हटलं, हे सलाइन बंद करा. तिनं विचारलं, कोणी सांगितलं? मी सगळं सांगितलं, वहीसकट. तिनं ऐकून घेतलं, पण डॉक्टरांच्या शब्दाशिवाय बंद करता येणार नाही म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये होत्या. सिस्टरनं आत फोन लावला. आतून कोणीतरी निरोप घेतला आणि थांबा म्हणालं.

आम्ही थांबलो. नळीतून मिनिटाला चौदा थेंब पडत होते. मी मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. ताईच्या डोक्याशी लावलेल्या यंत्राच्या पडद्यावर तिच्या ठोक्यांची हिरवी रेघ उंचसखल धावत होती, मधेच एक उंचवटा इतरांपेक्षा रुंद यायचा आणि पुढं थोडी मोकळी जागा सुटायची. तो रुंद उंचवटा सकाळपासून होता की आत्ता आला, मला सांगता येईना. सकाळी मी तो मोजला नव्हता. भाऊजींनी एकदा नळीच्या चाकाकडे हात नेला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही. आम्ही तसेच उभे होतो, दोन मोठी माणसं, एकमेकांचा हात धरून. ताई म्हणाली, लोक पाहतात.

बारा मिनिटांनी आतून निरोप आला. सलाइन बंद करा, रक्त घ्या, हृदयाचा आलेख काढा. सिस्टरनं चाक फिरवलं. थेंब थांबला.

रक्ताचा आकडा पाऊण तासानं आला. ३.३. म्हणजे काही बिघडलं नव्हतं, अजून तर कमीच होतं. मी तो कागद दोनदा वाचला आणि भाऊजींना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, म्हणजे चांगलं की वाईट? मी म्हटलं, आज चांगलं.

डॉक्टरबाई एक वाजता डोक्याला टोपी तशीच ठेवून आल्या. मी वही पुढं करून सांगितलं की यातला एकही आकडा खरा धरू नका. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, फडफड झाली होती का? मी ती सहा दहाची नोंद दाखवली. ती तेवढी खरी होती. ती वाचून त्या म्हणाल्या, की दोन पूर्णांक नऊवर अशा हृदयाची माणसं घरी, झोपेतसुद्धा जाऊ शकतात. दुसरं असं, की आजचा भरणा आम्ही गळती धरून ठरवला होता. "चार वाजता आम्हाला कळलं असतं," त्या म्हणाल्या. "पण नवापासून चारपर्यंत सात तास आहेत."

भाऊजी पुढं झाले. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, हेच टाकून तुम्ही हृदय बंद करता नं?"

"हो. हेच."

"मंग?"

"किती टाकायचं आणि कुठं टाकायचं, एवढाच फरक. शेतीत तुम्ही पोतंभर पोटॅश एका झाडाच्या बुडाशी ओतता का?"

भाऊजी म्हणाले, नाही, झाड जळते. कढीपत्त्याचं त्यांना तोवर मी सांगितलं नव्हतं. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं की रक्तात मॅग्नेशियमही कमी निघालं आहे, ते शिरेतून द्यावं लागेल, नाहीतर पोटॅशियम दिलं तरी अंगात टिकत नाही आणि हृदय बिथरायचं ते बिथरतंच. हे ऐकल्यावर भाऊजींचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला.

"म्हणजे लाल्या आला इले," ते म्हणाले. कपाशीची पानं लाल पडायला लागली की आमच्याकडे लाल्या म्हणतात, आणि त्यावर मॅग्नेशियमची फवारणी मारतात. "मॅग्नेशियम सल्फेट नं?"

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तेच," त्या म्हणाल्या. "हेच नाव."

"हे आधीच सांगाचं नं मंग. इतके दिवस कोणी सांगतलं नाही."

ताई पडल्या पडल्या म्हणाली, "मी काय कपाशी आहो काय जी?" सिस्टर हसली. आम्ही कोणी हसलो नाही.

ऑपरेशन गुरुवारचं शनिवारवर गेलं. त्या चार दिवसांत ताईनं प्रत्येक पेला भाऊजींच्या समोर घेतला, आणि भाऊजी ती गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे पाहत. रक्त दिवसातून दोनदा निघे. ३.५. ३.८. शुक्रवारी सकाळी ४.१, संध्याकाळी ४.३. मी हे आकडे आता स्वतः लिहीत नव्हतो. प्रयोगशाळेचा कागद मागून घेत होतो आणि नुसता पाहून परत देत होतो. आकडा चढत गेला तसं खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. पण आकडा जितका नीट होत होता, तितकं शनिवार पुढं ढकलायला कारण उरत नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेसातला तिला आत नेलं. बाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. साडेनऊच्या सुमाराला भाऊजींनी विचारलं, आता बंद केलं असंन? मी म्हटलं, बहुतेक. यावर त्यांनी उठून बाटलीतलं पाणी प्यायलं आणि मलाही दिलं. ताईचं हृदय त्या वेळी थांबलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि ते माहीत असताना कशाबद्दल बोलायचं हे कळत नव्हतं. बारानंतर मी घड्याळ पाहणं बंद केलं. डॉक्टरबाईंनी दीड तास सांगितला होता. तो कधीचा उलटून गेला होता.

त्या सव्वादोनला आल्या. झडप बसली, त्या म्हणाल्या. रक्त परत सोडल्यावर हृदय थरथरायला लागलं. पहिल्या झटक्यानं दोन-तीन ठोके आले आणि परत थरथर. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यानं धरलं. आता मंद आहे, पण चालू आहे.

मी विचारलं, पोटॅशियम नीट होतं म्हणून तिसऱ्यांदा धरलं, असं म्हणता येईल का?

"तसं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "नीट नसतं तर..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. मी पुढं विचारलं नाही. आकड्यांच्या माणसालाही काही वाक्यं पुरी व्हायला नको असतात.

हृदयाला टाकलेल्या दोन बारीक निळ्या तारा ताईच्या छातीखालून बाहेर काढलेल्या होत्या आणि त्या एका छोट्या डब्याला जोडलेल्या. ठोका मंदावला की डबा आतून टोचणी देत असे. त्या डब्यावरचा दिवा लुकलुकला, की ठोका तिचा नाही, डब्याचा. पहिल्या दिवशी दिवा सारखा लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या शेजारच्या खाटेवरचं यंत्र अचानक ओरडायला लागलं, पडदे ओढले गेले, सगळे तिकडे धावले, आणि संध्याकाळी ती खाट रिकामी होती. ताईनं विचारलं, त्या बाई कुठं गेल्या? मी म्हटलं, दुसरीकडे हलवल्या. ती म्हणाली, असं होय. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तसं दाखवलंही नाही.

चौथ्या दिवशी डबा बंद करून पाहिला. पाचव्या दिवशी पावणेदहाला एक तरुण डॉक्टर तारा काढायला आले. रक्ताचा आकडा आधी पाहिला, ४.४. आम्हाला पडद्याबाहेर उभं केलं. आतून ताईचा एक दबका आवाज आला, आणि मग काही नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या ट्रेमध्ये तारा होत्या, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या.

"अन् आता बंद पडलं तं?" भाऊजींनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, पडू नये म्हणूनच इतके दिवस पाहिलं. चार तास मात्र उठू द्यायचं नाही, पडद्यावर लक्ष ठेवायचं, काही वाटलं तर लगेच सांगायचं. हे उत्तर नव्हतं, ते भाऊजींनाही कळलं आणि मलाही.

ताई उताणी पडून होती. आता तिच्या छातीला कसलाही आधार नव्हता, ना यंत्राचा ना डब्याचा. पडद्यावरची रेघ नीट धावत होती, आणि दर काही वेळानं एक रुंद उंचवटा येऊन जात होता. प्रत्येक वेळी भाऊजी खाटेच्या दांड्यावरचा हात घट्ट करत. सिस्टरनं त्यांना दोनदा खुर्ची दाखवली. ते नाही म्हणाले. मी बाहेर जाऊन चहा आणला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला आणि अर्धा ठेवला.

पावणेदोन वाजता सिस्टरनं ताईला पाठीला हात देऊन उठवलं आणि उशीला टेकवून बसवलं. ती थोडा वेळ डोळे मिटून राहिली. मग उघडून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"बसा नं आता," ती म्हणाली. "मी आहो."

भाऊजी बसले. पण खुर्चीच्या अगदी कडेवर, तळवे जमिनीला घट्ट लावून, केव्हाही उठता येईल असे.